उत्तर आल्यानंतर काय?

या वेळी आलेली बरीच पत्रं प्रश्न विचारण्याबद्दल आणि चर्चेबद्दल आहेत. सारख्या आशयाची पत्रं एकत्र करून उत्तरं दिली आहेत.

प्रश्न : मी सातवीला विज्ञान शिकवते. तासाला वीस-पंचवीस प्रश्न विचारते, पण हात वर येतात ते त्याच चार-पाच मुलांचे. बाकीची गप्प. काय चुकतंय?

आधी प्रश्नांची संख्या कमी करा. पस्तीस मिनिटांच्या तासाला पंचवीस म्हणजे एका प्रश्नाला दीड मिनिटही मिळत नाही. एवढ्या वेळात पाठ असलेलं तेवढंच सांगता येतं. वर्गातल्या प्रश्नोत्तरांची नेहमीची चाल अशी असते : शिक्षक विचारतात, एक मूल उत्तर देतं, शिक्षक 'बरोबर' किंवा 'चूक' म्हणून पुढे जातात. उजळणीला हे चालतं. पण 'बरोबर' हा शब्द ऐकला की उरलेल्या वर्गाला विचार करायचं कारणच राहत नाही.

अमेरिकी संशोधक मेरी बड रो यांनी १९७०च्या आसपास विज्ञानाच्या तासांचं ध्वनिमुद्रण करून ते तपासलं. प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी सेकंदभरच थांबत होते, आणि मूल बोलायचं थांबलं की तेवढ्याच घाईने पुढचं वाक्य सुरू करत होते. हा थांबा तीन सेकंदांच्या पुढे नेला तिथे उत्तरं लांबली, काहीच न बोलण्याचं प्रमाण घटलं आणि मुलं स्वतः प्रश्न विचारू लागली. यातला दुसरा थांबा, म्हणजे उत्तरानंतरचा, जास्त दुर्लक्षित. मूल अर्ध्या वाक्यावर अडखळतं तेव्हा ते बरेचदा पुढचं जुळवत असतं, आणि नेमकं तेव्हाच आपण त्याचं वाक्य पूर्ण करून टाकतो.

आता एक प्रश्न घ्या : कुंडीतल्या रोपाचं वजन दोन किलोने वाढलं, हे दोन किलो आले कुठून? एक मिनिट प्रत्येकाने एकट्याने वहीत लिहायचं. मग दोन मिनिटं शेजाऱ्याशी बोलायचं. मग हात वर करायला न लावता तुम्हीच कुणाला तरी उठवा, आणि त्याचं स्वतःचं नव्हे तर त्याच्या जोडीदाराचं म्हणणं विचारा. हे आधीच सांगून ठेवलंत तर जोडीत ऐकून घेणं आपोआप होतं. जी कारणं येतील ती फळ्यावर लिहा, कुठल्याही कारणावर मान न डोलावता.

बहुतेक वर्गांत 'माती' हे उत्तर जोरात येतं. त्यावर लगेच 'नाही' म्हणू नका. 'तसं असेल तर मातीचं काय व्हायला हवं?' असं विचारा. वजन कमी व्हायला हवं, हे मुलंच सांगतात. मग व्हॅन हेल्मोंट या शास्त्रज्ञाचा १६४८ साली प्रसिद्ध झालेला प्रयोग सांगा. त्याने कुंडीत विलोचं रोप लावून पाच वर्षं फक्त पाणी घातलं. झाड सुमारे ७४ किलोंनी वाढलं, माती मात्र जेमतेम ५७ ग्रॅमनी घटली. त्यावरून त्याने सगळं वजन पाण्याचंच असं ठरवलं, आणि तेही अपुरं होतं. झाडाच्या कोरड्या वजनाचा मोठा भाग हवेतल्या कार्बन डायऑक्साइडमधून येतो. हेल्मोंटने काय मोजायचं सोडलं, हा दुसऱ्या दिवशीचा प्रश्न.

दोन चुका इथे हमखास होतात. पहिली, बरोबर उत्तर येताच शिक्षकांचा चेहरा उजळतो. मुलं फळ्याआधी चेहरा वाचतात. दुसरी चूक जास्त नुकसान करते : 'कशावरून?' हे फक्त चुकलेल्या मुलालाच विचारणं. आठवड्याभरात वर्ग शिकतो की 'कशावरून' म्हणजे 'चुकलास'. बरोबर उत्तरालाही, हुशार मुलालाही ते त्याच सुरात विचारलं तरच तो प्रश्न कारणाचा राहतो.

प्रश्न : वर्गात साठ मुलं आणि अभ्यासक्रम ढीगभर. चर्चेला वेळ आणायचा कुठून?

सगळ्या तासाची चर्चा करायची गरज नाही. दहा-बारा मिनिटांत बसेल अशी पद्धत भौतिकशास्त्राचे प्राध्यापक एरिक माझूर यांनी १९९०च्या दशकात हार्वर्डमध्ये मोठ्या वर्गांसाठी रुजवली. एक कल्पना समजावून झाली की पर्याय असलेला एकच प्रश्न द्यायचा. उदाहरणार्थ : पेल्यातल्या गोड्या पाण्यात बर्फाचा खडा तरंगतोय. तो पूर्ण वितळल्यावर पाण्याची पातळी (अ) वाढेल, (ब) घटेल, (क) तेवढीच राहील?

दोन मिनिटं कुणाशी न बोलता विचार, मग सगळ्यांनी एकदम उत्तर दाखवायचं : छातीशी धरलेल्या एक, दोन किंवा तीन बोटांनी, म्हणजे मागच्याला दिसत नाही. बरोबर उत्तरं साधारण ३० ते ७० टक्क्यांमध्ये असतील तर निकाल न सांगता तीन-चार मिनिटं शेजाऱ्याला पटवायला लावा आणि पुन्हा मत घ्या. तिसापेक्षा कमी असतील तर वर्गाला कल्पनाच कळलेली नाही, चर्चेत फक्त गोंधळ वाढेल, पुन्हा समजावा. सत्तरच्या वर असतील तर दोन वाक्यांत कारण सांगून पुढे चला. या आकड्यांमुळेच वेळ वाचतो, कारण गरज नसलेल्या ठिकाणी चर्चा होत नाही.

हे फसतं ते बहुधा पहिल्या मतदानात. हात वर करून मत घेतलं की सगळे पहिल्या नंबरच्या मुलाकडे बघतात. किंवा पहिल्या मतांची टक्केवारी फळ्यावर लिहिली जाते आणि मग चर्चा न होता बहुमताकडे सरकणं होतं. प्रश्नही पाठांतराचा नको, तिथे एकमेकांना पटवण्यासारखं काही नसतं.

बर्फाचं उत्तर (क). तरंगणारा बर्फ स्वतःच्या वजनाएवढं पाणी बाजूला सारतो आणि वितळल्यावर तेवढीच जागा घेतो. ज्यांना हे लवकर जमलं त्यांच्यासाठी : बर्फात लोखंडी खिळा गोठलेला असेल आणि तरीही तो तरंगत असेल तर? (तेव्हा पातळी घटते.)

प्रश्न : गणितात उत्तर एकच असतं. तिथे संवाद कसला करणार?

उत्तर एक असलं तरी चुकण्याच्या वाटा अनेक असतात, आणि त्यांनाच कारणं असतात. ०.३५ आणि ०.५ मधली मोठी संख्या कोणती? जे मूल ०.३५ म्हणतं ते ३५ आणि ५ यांची तुलना करतंय. पूर्णांकांना हा नियम चालतो म्हणून त्याने तो इथे आणला. नुसती फुली मारली तर नियम तसाच राहतो. '०.५० लिहिलं तर बदल होईल का?' असं विचारलं की तो नियम त्याच्याच हातून मोडतो.

याचा एक जुना नमुना ग्रीक तत्त्वज्ञ प्लेटोच्या 'मेनो' या संवादात आहे. सॉक्रेटिस एका गुलाम मुलाला विचारतो : बाजू २ असलेल्या चौरसाच्या दुप्पट क्षेत्रफळाचा चौरस काढायचा, तर बाजू किती? मुलगा म्हणतो ४. क्षेत्रफळ १६ होतं, हवं होतं ८. मग तो ३ म्हणतो, क्षेत्रफळ ९ येतं. आता त्याला कळतं की आपल्याला येत नाही, आणि तिथून तो पहिल्या चौरसाचा कर्ण हीच हवी ती बाजू, इथपर्यंत पोहोचतो. मात्र हा प्रसंग जसाच्या तसा उचलू नका. शेवटी शेवटी सॉक्रेटिसचे प्रश्न 'हो ना?' या धाटणीचे होतात आणि मुलगा फक्त होकार देतो. अनेक आदर्श पाठांतही हेच दिसतं. घ्यायचं ते त्यातलं पहिलं अर्धं : मुलाचं चुकीचं उत्तर खरं धरून त्याच्या शेवटापर्यंत चालत जाणं.

प्रश्न : आमची नऊ वर्षांची मुलगी प्रत्येक गोष्टीत 'का?' म्हणते. झोपायची वेळ झाली तरी वाद. तिला बोलू द्यावं की गप्प करावं?

दोन्ही, पण वेगवेगळ्या वेळी. झोपेच्या वेळचं 'का' बहुतेकदा वेळकाढूपणाचं असतं. तेव्हा एकदाच खरं कारण सांगा ('उद्या सहाला उठायचंय') आणि 'आज ठरलंय ते ठरलंय, बदलायचं असेल तर उद्या संध्याकाळी बोलू' म्हणा. उद्या संध्याकाळी खरंच बसा, नाहीतर ते टाळणंच ठरतं. बसल्यावर तिची बाजू तिला मांडू द्या आणि विचारा, 'आईबाबांना वेळ का महत्त्वाची वाटत असेल?' दुसऱ्याची बाजू सांगता आली की ती वाद घालत नसून विचार करतेय असं समजा. कारण पटलं तर नियम थोडा तरी हलला पाहिजे, आठवडाभर पंधरा मिनिटं उशिरा झोपून पाहणं एवढा का होईना. जो निर्णय कोणत्याही कारणाने बदलणार नाही त्यावर चर्चेचा देखावा नको. मुलं तो लगेच ओळखतात.

प्रश्न : वादविवाद स्पर्धेने तर्कशक्ती वाढते ना?

मांडणी सुधारते, धीटपणा येतो, मुद्दे शोधायची सवय लागते. पण स्पर्धेत मत बदलणारा हरतो. न्यायसूत्रं या प्राचीन भारतीय तर्कशास्त्राच्या ग्रंथाने हा फरक फार पूर्वी केला आहे : सत्य शोधण्यासाठी तो वाद, जिंकण्यासाठी तो जल्प, आणि स्वतःची बाजूच न मांडता फक्त समोरचं खोडायचं ती वितंडा. स्पर्धा जरूर घ्या, पण दुसऱ्या फेरीत बाजू अदलाबदल करा, आणि शेवटी प्रत्येकाला विरुद्ध बाजूचा सर्वांत भक्कम मुद्दा सांगायला लावून त्यालाही गुण ठेवा.

प्रश्न : अशा चर्चेने परीक्षेतले गुण वाढतात का? आणि चर्चेला गुण द्यायचे कसे?

पुरावा संमिश्र आहे. इंग्लंडमध्ये नऊ-दहा वर्षांच्या मुलांच्या वर्गांत संवादावर भर देणारं अध्यापन सुमारे वीस आठवडे करून पाहिलं गेलं. २०१७ साली आलेल्या निष्कर्षांत इंग्रजी आणि विज्ञानात सुमारे दोन महिन्यांच्या, गणितात एका महिन्याच्या जादा प्रगतीचा अंदाज आहे. दुसरीकडे, 'मुलांसाठी तत्त्वज्ञान' या चर्चेवर आधारलेल्या कार्यक्रमाच्या पहिल्या चाचणीत वाचन आणि गणितात फायदा दिसला, पण नंतरच्या मोठ्या चाचणीत वाचनात तो दिसला नाही. आमच्या मते फरक पडतो तो चर्चा विषयाच्या मजकुराला किती घट्ट बांधलेली आहे यावर. गुणांचं आश्वासन देऊन हे सुरू करू नये.

गुण द्यायचे तर कोण किती वेळा बोललं याचे देऊ नका. त्याने बडबडी मुलं जिंकतात. चर्चेनंतर पाच मिनिटं लिहायला द्या : सुरुवातीला मला काय वाटत होतं, आता काय वाटतं, आणि कुणाच्या कोणत्या कारणामुळे. मत न बदललेल्यालाही पूर्ण गुण मिळू शकतात, पण विरुद्ध बाजूचं एक कारण नीट मांडून ते का पटलं नाही हे त्याने लिहिलं पाहिजे. साठ वह्या रोज तपासणं शक्य नाही. एका वेळी दहाच उचला, मात्र कुणाच्या उचलणार हे आधी सांगू नका.