कायद्यात आणि पोथ्यांत शोध कसला लावतात?

आपल्या मुलीला एलएल.एम. झाल्यावर कायद्यात पीएच.डी. करायची आहे, आणि घरातील वडीलधारी मंडळी ‘कायदा तर छापलेलाच असतो, त्यात शोध कसला लावणार?’ असे विचारतात, असे आपण लिहिले आहे. विज्ञान सोडले तर बाकीचे संशोधन म्हणजे चार पुस्तकांवरून पाचवे पुस्तक लिहिणेच का, असेही आपण विचारता. मी गेली एकोणीस वर्षे एका विद्यापीठाच्या ग्रंथालयात प्रबंध विभागात काम करतो. रसायनशास्त्र, कायदा, मराठी, भूगोल, संस्कृत अशा सर्व शाखांचे मंजूर झालेले प्रबंध माझ्या टेबलावरून पुढे कपाटात जातात. नोंद करता करता त्यांची पाने चाळण्याची सवय मला लागली. त्या ओळखीच्या जोरावर हे उत्तर लिहीत आहे.

‘संशोधन’ या शब्दाच्या मुळाशी ‘शुध्’ हा धातू आहे आणि त्याचा अर्थ शुद्ध होणे असा आहे. हिंदीत घटनादुरुस्तीला आजही ‘संविधान संशोधन’ म्हणतात. मराठीत मात्र शोध लावणे आणि संशोधन करणे ही बोलण्यात एकच गोष्ट झाली, त्यामुळे संशोधक म्हटले की काहीतरी नवी वस्तू हाती लागलेला माणूस आपल्या डोळ्यांपुढे उभा राहतो. मला जुना अर्थ अधिक नेमका वाटतो. जे आपण खरे धरून चाललो आहोत त्यातला गाळ काढणे हे संशोधनाचे काम आहे, आणि तो गाळ कशाने काढायचा, याचे साधन शाखेगणिक बदलते.

प्रयोग हे त्यातले एकच साधन आहे, आणि ते सगळ्या विज्ञानांच्याही हाती नाही. नारायणगावजवळ खोडद येथे ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्यांची रेडिओ दुर्बीण आहे. तेथील खगोलशास्त्रज्ञ आकाशगंगेवर प्रयोग करू शकत नाहीत. आकाशातून जे येते ते टिपणे आणि त्यावरून अनुमान काढणे एवढेच त्यांना करता येते. गणिताला तर निरीक्षणही लागत नाही. देवळालीचे शाळामास्तर द. रा. कापरेकर यांनी दाखवले की, चारही अंक सारखे नसलेली कोणतीही चार अंकी संख्या घेऊन तिचे अंक उतरत्या क्रमाने मांडले आणि त्यातून चढत्या क्रमाची मांडणी वजा करत गेले, तर जास्तीत जास्त सात पायऱ्यांत ६१७४ ही संख्या येते. ३५२४ घेतल्यास ५४३२ वजा २३४५ म्हणजे ३०८७, मग ८७३० वजा ०३७८ म्हणजे ८३५२, मग ८५३२ वजा २३५८ म्हणजे ६१७४. यासाठी प्रयोगशाळा लागली नाही, तरी ते विज्ञान नाही असे कोणी म्हणणार नाही.

जेथे प्रयोग करता येतो तेथे तो किती कष्टाचा असतो, याचे उदाहरण गडचिरोलीचे आहे. डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने १९९० च्या दशकात नवजात बाळांच्या मृत्यूंवर काम केले. ३९ गावांत प्रशिक्षित गावकरी स्त्रिया घरोघरी जाऊन बाळंतिणीची आणि बाळाची काळजी घेत होत्या, आणि तुलनेसाठी ४७ गावांतील जन्ममृत्यूंची नोंद ठेवली जात होती. १९९९ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या निबंधानुसार, तिसऱ्या वर्षी या ३९ गावांतील नवजात मृत्युदर दर हजारी २५.५ इतका खाली आला. तुलनेच्या गावांशी ताडून पाहता ही निव्वळ घट ६२.२ टक्के होती. तुलनेची गावे नसती, तर ‘पाऊसपाणी बरे झाले, रस्ते झाले, म्हणून मुले वाचली’ असे म्हणायला कोणीही मोकळा होता. तो आक्षेप आधीच ओळखून त्याचे उत्तर नोंदवहीत तयार ठेवणे ही या कामातली शुद्धी आहे.

आता पोथ्यांकडे येतो, कारण आपल्या प्रश्नाचे खरे उत्तर मला तेथे सापडले. जुन्या हस्तलिखितांच्या शेवटी पुष्कळदा हा श्लोक असतो:

यादृशं पुस्तकं दृष्ट्वा तादृशं लिखितं मया।
यदि शुद्धमशुद्धं वा मम दोषो न दीयते॥

जसे पाहिले तसे लिहिले, शुद्ध असो वा अशुद्ध, मला दोष देऊ नये. नकल करणाऱ्याने असे हात झटकल्यावर मागे उरलेल्या गाळाचे काय करायचे, हा प्रश्न पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्थेने १९१९ साली महाभारताच्या बाबतीत अंगावर घेतला. महाभारताची चिकित्सक आवृत्ती, म्हणजे अनेक पोथ्या ताडून जुना पाठ ठरवणारी आवृत्ती, पूर्ण व्हायला १९६६ साल उजाडले, आणि तोवर १,२५९ हस्तलिखिते तपासून झाली होती. १९२५ पासून या कामाची धुरा विष्णु सीताराम सुखठणकर यांच्याकडे होती. ते केंब्रिजला गणित शिकले होते आणि पुढे बर्लिनला संस्कृताकडे वळले. त्यांच्या पद्धतीत गणिताची शिस्त दिसते, असे मला नेहमी वाटत आले आहे.

पद्धत अशी होती. एका मोठ्या कागदावर वरच्या ओळीत प्रचलित पाठाचा श्लोक लिहायचा, एका रकान्यात एक अक्षर. खाली प्रत्येक पोथीला एक ओळ द्यायची, आणि त्या पोथीत जेथे वेगळे अक्षर असेल तेथेच ते त्या रकान्यात भरायचे. समासात पोथीची खूण लिहायची. शारदा, नेवारी, बंगाली, तेलुगू, ग्रंथ, मल्याळम अशा अनेक लिप्यांतील पोथ्या या रीतीने एकाच कागदावर शेजारी-शेजारी येत. मग तर्क सुरू होई. नकला करणारे सहसा भर घालतात, मूळ मजकूर मुद्दाम गाळत नाहीत. म्हणून एकमेकींशी संबंध न आलेल्या दूरच्या शाखांत जे समान आहे ते जुने, आणि जे एकाच प्रदेशात आढळते ते बहुधा मागाहून आलेले.

या तर्काने निघालेले निष्कर्ष सोपे नव्हते. व्यासांनी सांगितले आणि गणपतीने लिहून घेतले, ही आपल्या घराघरांत सांगितली जाणारी कथा आदिपर्वाच्या सिद्ध संहितेतून, म्हणजे पोथ्या ताडून ठरवलेल्या मजकुरातून, बाहेर पडली. अमेरिकन संस्कृत पंडित फ्रँकलिन एजर्टन यांनी संपादित केलेल्या सभापर्वात वस्त्रहरणाच्या वेळचा द्रौपदीचा कृष्णाचा धावा नाही. वस्त्रे निघत राहतात, पण ती कोणी पुरवली हे तेथे सांगितलेले नाही. प्रचलित पाठावर टीका लिहिणारे नीलकंठ चतुर्धर सतराव्या शतकात काशीत राहत आणि त्यांचे घराणे मूळचे आपल्या गोदाकाठच्या कोपरगावचे. म्हणजे बाहेर गेलेला मजकूर कोणा परक्याचा नव्हता, आपलाच होता. तो टाकूनही दिलेला नाही. संहितेत न घेतलेली प्रत्येक ओळ तळटिपेत किंवा परिशिष्टात छापलेली आहे, म्हणजे संपादकाचे चुकले असे ज्याला वाटेल त्याने त्याच सामग्रीवरून वेगळा निर्णय द्यावा. मी पाहिलेल्या संशोधनात इतका प्रामाणिक व्यवहार फारच थोडा आहे.

या कामाची कसोटीही लागली. १९३३ साली आदिपर्व छापून पूर्ण झाले, आणि त्यानंतर नेपाळमधून आदिपर्वाची एक फार जुनी पोथी हाती आली. ती आधी कोणी ताडून पाहिलेली नव्हती. सुखठणकरांनी ती तपासून तिच्यावर सविस्तर निबंध लिहिला, आणि त्यांच्या संहितेतील अनेक निर्णयांना त्या पोथीचा आधार मिळाला. आधी अनुमान बांधावे आणि मग अनपेक्षित ठिकाणाहून आलेल्या पुराव्याने ते तपासले जावे, हे प्रयोगशाळेत घडले असते तर आपण त्याला निःशंकपणे विज्ञान म्हटले असते.

कायद्याचे उदाहरण पुन्हा गडचिरोलीच्याच मातीतले आहे, जरी १९७२ साली तो भाग चंद्रपूर जिल्ह्यात होता. त्या वर्षीच्या मार्च महिन्यात देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात एका आदिवासी मुलीवर दोन पोलिसांनी अत्याचार केल्याचा खटला उभा राहिला. सत्र न्यायालयाने आरोपींना सोडले, उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने दोषी ठरवले, आणि १९७८ साली ‘तुकाराम विरुद्ध महाराष्ट्र राज्य’ या निकालात सर्वोच्च न्यायालयाने त्यांना पुन्हा निर्दोष ठरवले. मुलीच्या अंगावर जखमा नाहीत, तिने प्रतिकार केल्याचे दिसत नाही, म्हणजे तिची संमती होती, असा त्या निकालाचा रोख होता.

सप्टेंबर १९७९ मध्ये उपेंद्र बक्षी, लतिका सरकार, वसुधा धगमवार आणि रघुनाथ केळकर या कायद्याच्या चार अभ्यासकांनी सरन्यायाधीशांना खुले पत्र लिहिले. त्यांच्याकडे नवा साक्षीदार नव्हता, नवी कागदपत्रे नव्हती. जे निकालपत्र सर्वांसमोर होते तेच त्यांनी वाचले आणि त्यातील एका उडीवर बोट ठेवले. मान तुकवणे आणि संमती देणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पुराव्यातून फार तर पहिली सिद्ध होते, आणि न्यायालयाने तिथून दुसरी गृहीत धरली. रात्रीच्या वेळी पोलीस ठाण्यात उभ्या असलेल्या गरीब, अशिक्षित मुलीला ‘नाही’ म्हणण्याची मोकळीक कितपत असते, हा प्रश्न त्या निकालात विचारलाच गेला नव्हता.

पुढे देशभर स्त्रियांच्या संघटना रस्त्यावर आल्या, १९८० साली विधी आयोगाने आपला ८४ वा अहवाल याच विषयावर दिला आणि १९८३ साली कायदा बदलला. कोठडीतील बलात्काराच्या खटल्यात स्त्रीने संमती नव्हती असे सांगितले, तर न्यायालयाने तसे गृहीत धरावे, असे कलम ११४-अ पुरावा कायद्यात आले. मी वर त्या मुलीचे नाव लिहिले नाही, कारण पीडितेची ओळख उघड करण्यास मनाई करणारे कलमही त्याच दुरुस्तीने दंड संहितेत आले. आपल्या घरच्या मंडळींना ‘कायद्यात शोध कसला?’ याचे उत्तर द्यायचे असेल, तर मी हेच देईन.

एक फरक मात्र मुलीला आधीच ठाऊक असावा. नवजात मृत्युदर किती घटला हे मोजून ठरते. कायदा कसा असावा हे मोजून ठरत नाही, त्यासाठी युक्तिवाद मांडावा लागतो आणि तो न्यायालयाने किंवा संसदेने उचलावा लागतो. शिवाय हातातला विषयच पायाखालून सरकू शकतो. १ जुलै २०२४ पासून भारतीय दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता आली. त्या पावसाळ्यात प्रबंध जवळजवळ पूर्ण झालेली एक विद्यार्थिनी माझ्या टेबलासमोर जुनी आणि नवी संहिता उघडून बसत असे. कलमांचे आकडे बदलायचे काम चालले आहे, असे मी समजत होतो. ती म्हणाली, “काका, आकडे बदलायला दोन दिवस पुरतात. जुन्या कलमातला कोणता शब्द नव्यात गळला आणि कोणता आत आला, हे बघायलाच सहा महिने जातील.” तिच्या वहीत उभे रकाने आखलेले होते, एका बाजूला जुना शब्द, दुसऱ्या बाजूला नवा. मला भांडारकर संस्थेतील ते पाठभेदांचे कागद आठवले.

चार पुस्तकांवरून केलेले पाचवे पुस्तकही माझ्या टेबलावर येते, हे नाकारत नाही. ते सर्व शाखांत येते. रसायनशास्त्रात एक धातू बदलून तोच प्रयोग पुन्हा करतात, साहित्यात एका लेखकाच्या जागी दुसरा लेखक ठेवून तीच प्रकरणे लिहितात. मुलीने विषय निवडताना मार्गदर्शकांसमोर बसून एवढे विचारावे: माझे म्हणणे चुकीचे असेल, तर ते मला कोणत्या कागदावरून कळेल? याचे उत्तर मिळत नसेल तर विषय बदलावा. आणि प्रवेशाचा अर्ज भरण्यापूर्वी १९७८ चे ते निकालपत्र आणि १९७९ चे ते पत्र तिने शेजारी-शेजारी ठेवून वाचावे. दोन्ही एका संध्याकाळी वाचून होतात. निकालपत्रातील ती उडी तिला पत्र उघडण्यापूर्वीच दिसते का, हे तिने आधी पाहावे.