लुका का गेला, आणि तुमचे इतर प्रश्न

चाहत्यांच्या गळ्यातला ताईत असलेला खेळाडू एनबीए या अमेरिकी बास्केटबॉल लीगमधले संघ देऊन का टाकतात, यावर आलेल्या प्रश्नांपैकी काही इथे घेतले आहेत. निम्म्याहून अधिक पत्रांत डॉनचिचचं नाव होतं, तेव्हा सुरुवात त्याच्यापासून.

प्रश्न (नागपूर): लुका डॉनचिच अवघा २५ वर्षांचा. २०२४ मध्ये त्याने डॅलसला फायनलपर्यंत नेलं आणि २०२५ च्या फेब्रुवारीत त्यालाच लेकर्सकडे पाठवलं. पैसे वाचवायला असं केलं म्हणतात. खरं आहे का?

अर्धंच खरं आहे. लगेच वाचणारा पैसा यात नव्हताच. लुकाच्या बदल्यात आलेला अँथनी डेव्हिस तेव्हा ३१ वर्षांचा होता आणि २०२५-२६ साठी त्याचा पगार सुमारे ५ कोटी ४० लाख डॉलर ठरलेला होता. लुकाचा त्याच हंगामाचा आकडा ४ कोटी ६० लाखांच्या आसपास. म्हणजे डॅलसने स्वस्त माणूस देऊन महाग माणूस घेतला.

भीती होती ती पुढच्या कराराची. २०२५ च्या उन्हाळ्यात लुका 'सुपरमॅक्स' कराराला, म्हणजे स्वतःच्याच संघाकडून मिळणाऱ्या सर्वांत मोठ्या कराराला, पात्र होणार होता: पाच वर्षं, सुमारे ३४ कोटी ५० लाख डॉलर. त्याचं वजन, त्याचा फिटनेस, नाताळच्या सामन्यात झालेली पोटरीची दुखापत हे सगळं मनात असलेल्या व्यवस्थापनाला एवढ्या रकमेवर सही करायची नव्हती. जनरल मॅनेजर निको हॅरिसन यांनी जाहीरपणे सांगितलं ते बचावाचं कारण: विजेतेपदं बचावावर जिंकली जातात, आणि डेव्हिस बचावात श्रेष्ठ.

ही शंका मी मूर्खपणाची मानत नाही. मूर्खपणा झाला तो विकण्याच्या पद्धतीत. सोन्याचा दागिना मोडायचा तर माणूस निदान चार सराफांकडे भाव विचारतो. हॅरिसन गुपचूप एकट्या लेकर्सशी बोलले. मिळालं काय? डेव्हिस, मॅक्स क्रिस्टी आणि २०२९ चा एक पहिल्या फेरीचा ड्राफ्ट पिक, म्हणजे नवा खेळाडू निवडायचा हक्क. बाकीच्या संघांना कळलं असतं, तर बोली कुठल्या कुठे गेली असती.

पुढे डेव्हिस पहिल्याच सामन्यात जायबंदी झाला, मार्चमध्ये संघातला दुसरा तारा कायरी अर्विंग याचा गुडघा गेला आणि संघ ३९ विजय, ४३ पराभवांवर थांबला. घरच्या मैदानावर हॅरिसन यांच्या हकालपट्टीच्या घोषणा सुरू झाल्या आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये ती झालीच. मधल्या काळात १.८ टक्के शक्यता असताना नवे खेळाडू आधी कुणी निवडायचे ते ठरवणाऱ्या लॉटरीत डॅलसला पहिला क्रमांक लागला आणि कूपर फ्लॅग हा नवा खेळाडू मिळाला. नशीब हो, दुसरं काय!

नुकसान लुकाचंही झालं. संघ बदलताच त्याची सुपरमॅक्सची पात्रता गेली. ऑगस्ट २०२५ मध्ये त्याने लेकर्सशी तीन वर्षांसाठी साडेसोळा कोटी डॉलरचा करार केला.

प्रश्न (ठाणे): असा खेळाडू गेला की जर्सी विकायच्या थांबतात. हा तोटा मालकांना दिसत नाही का?

दिसतो, पण तुम्हाला वाटतो तेवढा तो मोठा नसतो. लोकप्रिय खेळाडूची कमाई कुठे जाते ते पाहा. बाहेरच्या दुकानांत आणि ऑनलाइन विकल्या जाणाऱ्या जर्सींचा लीगच्या वाट्याचा पैसा एका सामाईक गल्ल्यात जातो आणि तीसही संघांत सारखा वाटला जातो. लुकाच्या लेकर्सच्या लाखभर जर्सी अशा बाहेर खपल्या, तरी त्यातला डॅलसचा वाटा शार्लटइतकाच आणि लेकर्सइतकाच. राष्ट्रीय टीव्हीच्या पैशाचंही तेच. २०२५-२६ पासून सुरू झालेला नवा करार ११ वर्षांचा आणि सुमारे ७६ अब्ज डॉलरचा आहे. तोही सगळ्यांत समान वाटून.

संघाचं स्वतःचं म्हणावं असं उरतं तिकीट, स्टेडियमवरची विक्री आणि स्थानिक प्रायोजक. त्यात तारा गेल्याची झळ बसते, पण बरीच तिकिटं हंगामाआधीच विकली गेलेली असतात. थोडक्यात, खेळाडूचा पगार संघाच्या एकट्याच्या खिशातून जातो आणि त्याच्या लोकप्रियतेचं बरंचसं उत्पन्न मात्र तीस घरांत वाटलं जातं. हिशेब मांडणाऱ्याच्या नजरेत चाहत्याचं प्रेम हलकं का भरतं, याचं मोठं कारण इथे आहे.

प्रश्न (एडिसन, न्यू जर्सी): आमच्याकडचे जुने शेजारी सांगतात, की नेट्सने डॉ. जे ला चक्क रोख पैशांत विकलं होतं. खरंच?

खरंच, आणि या विषयातलं माझ्या मते सर्वांत उघडं उदाहरण तेच. १९७६ मध्ये एबीए ही प्रतिस्पर्धी लीग बंद झाली आणि तिच्यातले चार संघ एनबीएत आले. प्रवेशासाठी प्रत्येकाला ३२ लाख डॉलर भरायचे होते. नेट्स तेव्हा लाँग आयलंडवर, म्हणजे न्यूयॉर्क निक्सच्या हद्दीत. म्हणून हद्दीची भरपाई वेगळी, ४८ लाख! त्याच वेळी ज्युलियस अर्विंग, तुमच्या शेजाऱ्यांचा डॉ. जे, करार वाढवून मागत होता. आदल्याच मोसमात त्याने नेट्सला एबीएचं विजेतेपद मिळवून दिलं होतं, तेव्हा त्याची मागणी गैर नव्हती. पण मालक रॉय बो यांच्याकडे पैसा नव्हता. ऑक्टोबरमध्ये ३० लाख डॉलर घेऊन त्यांनी त्याला फिलाडेल्फियाला दिलं. बदल्यात एकही खेळाडू आला नाही.

त्या मोसमात नेट्सने २२ सामने जिंकले आणि ६० हरले. फिलाडेल्फिया लगेच फायनलला पोचलं. गंमत म्हणजे पुढच्याच वर्षी नेट्स तुमच्या भागात आले, पिस्कॅटवेत, रटगर्स विद्यापीठाच्या जिममध्ये. तुमचे शेजारी बहुधा तिथलेच प्रेक्षक.

प्रश्न (कोल्हापूर): खेळाडू नाही म्हणू शकत नाही का? हार्दिक पंड्या गुजरातहून मुंबईला आला तो त्याच्या मर्जीनेच ना?

हो, आयपीएलमध्ये अदलाबदलीला खेळाडूची लेखी संमती लागते. म्हणून २०२४ मध्ये वानखेडेवर प्रेक्षकांनी हुर्यो उडवली ती हार्दिकची. एनबीएत संमती विचारत नाहीत. नकाराचा हक्क करारात लिहून घ्यायचा, तर लीगमध्ये आठ वर्षं आणि त्या संघात चार वर्षं काढलेली हवीत. तेवढी झाली तरी संघ तो सहसा देत नाही. लुकाला हा हक्क नव्हता. खेळाडू नव्या संघाकडे गेलाच नाही, तर पगार बंद. मोठ्या खेळाडूंच्या हाती एकच शस्त्र असतं: आधीच कुरकुर करून बदली मागायची. ते शस्त्र त्यांनी भरपूर वापरलं आहे, त्यामुळे 'निष्ठा' हा विषय निघाला की दोन्ही बाजूंनी जरा जपून बोलावं.

प्रश्न (नाशिक): बॉस्टनने २०२४ मध्ये विजेतेपद मिळवलं आणि वर्षभरात संघ मोडला. कशासाठी?

'सेकंड एप्रन'साठी. २०२३ च्या करारनाम्यात पगाराची ही एक वरची रेषा आखली गेली. २०२५-२६ साठी सॅलरी कॅप, म्हणजे संघाच्या एकूण पगाराची मूळ मर्यादा, होती १५ कोटी ४६ लाख डॉलर आणि सेकंड एप्रन २० कोटी ७८ लाख. ती ओलांडली की नुसता दंड भरून सुटका नाही. हात बांधले जातात. दोन खेळाडूंचे पगार जोडून एक मोठा खेळाडू आणता येत नाही, व्यवहारात रोख रक्कम देता येत नाही, सात वर्षांनंतरचा ड्राफ्ट पिक गोठतो. वर लक्झरी टॅक्स, म्हणजे जादा पगारावर लीगला भरायचा कर. तोच संघ ठेवला असता, तर बॉस्टनचा पगार आणि कर मिळून ५० कोटी डॉलरच्या घरात गेला असता. त्यात मे २०२५ मध्ये संघाचा मुख्य खेळाडू जेसन टेटम याची टाचेमागची शीर (अकिलीस) तुटली. मग ड्रू हॉलिडे पोर्टलंडला आणि पोर्झिंगिस अटलांटाला. यात मला दोष काढता येत नाही. टेटमशिवायच्या मोसमासाठी एवढे पैसे कुणी का जाळावेत?

उलट २०१२ चं ओक्लाहोमा सिटी पाहा. फायनल खेळून आलेल्या संघाने जेम्स हार्डनला ह्यूस्टनला दिलं. चार वर्षांच्या करारात दोन्ही बाजूंतलं अंतर जेमतेम पन्नास-साठ लाख डॉलरचं आणि मागे लक्झरी टॅक्सची धास्ती. हार्डनने ह्यूस्टनकडून पहिल्याच सामन्यात ३७ गुण केले, २०१८ मध्ये एमव्हीपी, म्हणजे मोसमातला सर्वोत्तम खेळाडूही झाला. त्या काटकसरीला मी कंजुषीच म्हणेन.

प्रश्न (पणजी): लाडका खेळाडू देऊन कुणाचं भलं झालंय का?

टोरांटोचं. डेमार डीरोझन तिथे नऊ मोसम खेळला आणि ते शहर त्याने आपलं मानलं. २०१८ मध्ये त्याला सान अँटोनियोला पाठवून कवाय लेनर्ड आणला. डीरोझन दुखावला, आणि ते रास्तच होतं. २०१९ मध्ये टोरांटोने विजेतेपद जिंकलं आणि कवाय त्याच उन्हाळ्यात निघून गेला.

प्रश्न (पुणे): भाचीला वाढदिवसाला जर्सी द्यायची आहे. कुणाची घेऊ, म्हणजे वर्षभरात जुनी होणार नाही?

निवृत्त खेळाडूची. डर्क नोवित्स्की, ४१ नंबर, डॅलस. २१ मोसम एकाच संघात.