पाटीवरची अक्षरं आणि शिकाऊ पोरं : वाचकांची प्रश्नोत्तरे

गेल्या वेळी इथे रक्तदाबाच्या गोळ्यांवर लिहिलं होतं. पत्रं मात्र आली भलत्याच विषयावर. गोळ्या राहिल्या बाजूला, विचारणा झाली ती डॉक्टरांबद्दलच. त्यातली पाच पत्रं घेते.

प्रश्न : मुलगा बारावीला आहे, डॉक्टरच व्हायचं म्हणतो. शेजारणी म्हणतात, बारा वर्षं जातील. खरं आहे का? (एक आई, राजारामपुरी)

शेजारणींचा हिशेब अगदीच चुकीचा नाही, पण तो सगळ्यांना लागू नाही. 720 गुणांची ‘नीट’ ही प्रवेश परीक्षा पार पडली की एमबीबीएसची साडेचार वर्षं आणि एक वर्ष इंटर्नशिप. साडेपाच वर्षांनी मुलगा डॉक्टर झाला, नोंदणी झाली, रुग्ण तपासू शकतो. सरकारी कॉलेजात शिकला असेल तर वर्षभराचा सरकारी सेवेचा बाँड असतो. फिजिशियन किंवा बालरोगतज्ज्ञ व्हायचं तर आणखी तीन वर्षं एमडी. त्यापुढे हृदयाचा किंवा मेंदूचा डॉक्टर व्हायचं तर डीएमची अजून तीन. झाली साडेअकरा. दोन्ही पायऱ्यांवर पुन्हा प्रवेश परीक्षा आहेत आणि हवी ती शाखा पहिल्या झटक्यात मिळतेच असं नाही. तेव्हा स्वतःच्या पायावर उभं राहायला तिशी उलटते हे धरून चाला.

पहिल्या वर्षी शरीररचना, शरीरक्रिया आणि जीवरसायन. दिवाळीला घरी येईल तेव्हा ॲप्रनला फॉर्मालिनचा वास असेल, चकली वाढताना नाक मुरडू नका. आमच्या वेळी पहिल्या वर्षी जिवंत रुग्ण दिसायचाच नाही. 2019 पासून अभ्यासक्रम बदलला. आता मुलांना सुरुवातीलाच वॉर्डात नेतात आणि रुग्णाशी बोलायचं कसं हेही शिकवतात. हे फार आधी व्हायला हवं होतं.

एक मात्र त्याला विचारून बघा. बायोलॉजीत मार्क पडतात म्हणून जायचंय, की अनोळखी माणसाशी अर्धा तास बोलत बसायला कंटाळा येत नाही म्हणून?

प्रश्न : एकाच रस्त्यावर तीन पाट्या पाहिल्या. एकावर ‘एमडी मेडिसिन’, दुसऱ्यावर ‘डीएनबी’, तिसऱ्यावर ‘एमडी’ आणि पुढे बारीक अक्षरात ‘कायचिकित्सा’. फिजिशियन म्हणायचं कुणाला? (निवृत्त शिक्षक, गारगोटी)

गुरुजी, बारीक अक्षरं वाचलीत हे उत्तम केलंत.

आपल्याकडे फिजिशियन म्हणजे एमबीबीएसनंतर मेडिसिन या विषयात एमडी किंवा डीएनबी केलेला डॉक्टर. डीएनबी ही राष्ट्रीय परीक्षा मंडळाची पदवी, एमडीच्या तोडीची. तिला कमी समजू नका. कायचिकित्सेतली एमडी ही आयुर्वेदातली पदव्युत्तर पदवी आहे. ती बीएएमएसनंतर होते आणि त्यांची नोंदणी वेगळ्या कौन्सिलकडे असते. तीही खरी पदवीच आहे, पण दोन्हींचा अभ्यास वेगळा. आपण कुणाकडे चाललोय हे आपल्याला ठाऊक असावं, एवढंच.

गंमत म्हणजे अमेरिकेत कुठल्याही वैद्यकीय डॉक्टरला फिजिशियन म्हणतात, अगदी सर्जनलासुद्धा. आपण ब्रिटिशांचा शब्द उचलला. लंडनचं फिजिशियन लोकांचं रॉयल कॉलेज 1518 सालचं. तिथे चाकू धरणारे वेगळे आणि नाडी धरणारे वेगळे. म्हणून अमेरिकेतला भाचा ‘फिजिशियनकडे जाऊन आलो’ म्हणाला तर त्याला मधुमेह झाला असं लगेच धरू नका.

पाटीवर शंका आली तर चिठ्ठीवरचा नोंदणी क्रमांक बघा. एमबीबीएस आणि पुढच्या डॉक्टरांची नोंदणी महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलकडे असते. राष्ट्रीय नोंदवहीत नाव आणि क्रमांक मोबाइलवरसुद्धा शोधता येतो.

प्रश्न : वडिलांना कोल्हापूरच्या सीपीआर रुग्णालयात ॲडमिट केलं होतं. मोठे डॉक्टर दिवसातून एकदा आले. बाकी सगळा वेळ शिकाऊ पोरंच. आमच्या माणसावर शिकतात काय? (शाहूवाडी तालुका)

होय, शिकतात. मीही तुमच्यासारख्याच कुणाच्या तरी वडिलांवर शिकले. पण ‘शिकाऊ’ म्हणजे कोण, ते समजून घ्या. सीपीआर हे राजर्षी शाहू महाराजांच्या नावाच्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाला जोडलेलं रुग्णालय आहे. तिथल्या पोरांत एखादा इंटर्न असतो, त्याचं एमबीबीएसचं शेवटचं वर्ष चालू असतं. सलाइन लावणारी, रात्री तीनला उठून येणारी मुलगी बहुधा रेसिडेंट असते, म्हणजे एमबीबीएस पूर्ण झालेली, नोंदणी झालेली आणि आता एमडी शिकणारी डॉक्टर. ती पहिल्या वर्षाची, तिच्या वर दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाचे, त्यांच्या वर सहायक प्राध्यापक, मग प्राध्यापक. ही सगळी उतरंड म्हणजे एक युनिट. राउंडला येणारे सर दिवसातून एकदा दिसतात हे खरं, पण रात्री फोन त्यांनाच जातो.

आता माझीच गोष्ट सांगते. गाव आणि रुग्णालय जाऊ दे. रेसिडेन्सीचं पहिलं वर्ष, इमर्जन्सीचा दिवस, पहाटेचे चार वाजलेले. पंचविशीतला एक ऊसतोडणी कामगार आला. ‘बाई, पोटात लई कळ येतीया.’ दोन उलट्या झालेल्या. पोट दाबून पाहिलं तर मऊ. पित्त म्हणून मी इंजेक्शन दिलं, कागदावर लिहिलं आणि पुढच्या खाटेकडे वळले. सहा वाजता आमचे लेक्चरर आले. त्यांनी पोटाला हातच लावला नाही. म्हणाले, ‘छताकडं बघ रे.’ त्यानं बुबुळं वर नेली, पण पापण्या अर्ध्यावरच राहिल्या. जणू झोप अनावर झालीय. सरांनी एकच विचारलं, ‘रात्री कुठं झोपला होतास?’

‘खोपीत. खालीच.’

मण्यार चावली होती. मण्यार रात्री जमिनीवर झोपलेल्याला चावते. बऱ्याचदा दुखत नाही, सूज नाही, दाताची खूणही सापडत नाही. पोटदुखी, उलटी, मग पापण्या जड, मग गिळता येत नाही आणि शेवटी श्वास थांबतो. प्रतिविष चालू केलं, पण तासाभरात श्वास मंदावला. व्हेंटिलेटर रिकामा नव्हता. नळी घालून आम्ही आळीपाळीने हाताने बॅग दाबत बसलो. मी, दोन इंटर्न आणि त्याचा भाऊ. भावाला मिनिटाला किती वेळा दाबायची ते मोजून दाखवलं होतं, तो ओठ हलवत मोजत होता. दुपारी मशीन मिळालं. पाचव्या दिवशी पेशंट चहा मागत होता.

पोटदुखीच्या रुग्णाला कुठं झोपलास हे विचारायचं असतं, हे मी पुस्तकात वाचलेलं होतं. त्या पहाटेपर्यंत एकदाही विचारलं नव्हतं. एमडीची तीन वर्षं असतात ती यासाठी. हल्लीच्या मुलांना त्यातले तीन महिने जिल्ह्याच्या आरोग्य यंत्रणेत काढावे लागतात, तेही बरंच आहे. मात्र चूक वर कळवायची उतरंड मोडली, सर फोन उचलेनासे झाले, तर तुमची तक्रार रास्त आहे. राउंडच्या वेळी थांबा आणि सरांना थेट विचारा.

जाता जाता एक. सीपीआर म्हणजे पूर्वीचं अल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटल. 1886 साली अमेरिकेत डॉक्टर झालेल्या आनंदीबाई जोशींना कोल्हापूर संस्थानानं याच दवाखान्याच्या बायकांच्या वॉर्डासाठी नेमलं होतं. काम हाती घेण्याआधीच फेब्रुवारी 1887 मध्ये त्या पुण्यात गेल्या, जेमतेम एकविसाव्या वर्षी. त्या रुजू झाल्या असत्या तर वयानं त्याही तुमच्या हिशेबात ‘पोरच’.

प्रश्न : आमच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात नुसता एमबीबीएस आहे. तज्ज्ञ कधी मिळणार? (गगनबावडा)

‘नुसता’ हा शब्द आधी मागे घ्या. असं केंद्र साधारण तीस हजार लोकांमागे एक असतं, डोंगराळ भागात वीस हजारांमागे. बाळंतपण, लसीकरण, ताप, विंचू, साप, कधी शवविच्छेदनसुद्धा, सगळं त्या एकाच डॉक्टरच्या गळ्यात. डॉ. हिंमतराव बावस्कर रायगड जिल्ह्यात अशाच केंद्रात नोकरीला होते. विंचूदंशाचा एकेक रुग्ण त्यांनी बारकाईनं नोंदवला आणि पुढे प्राझोसिन ही रक्तदाबाची स्वस्त गोळी त्यावर वापरून दाखवली. 2022 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. तज्ज्ञ उपजिल्हा आणि जिल्हा पातळीवर असतात. तिथे कुणाला आणि किती घाईनं पाठवायचं, हे ओळखणं हेच केंद्रातल्या डॉक्टरचं मोठं काम.

प्रश्न : मिस्टरांना शुगर, बीपी आणि कंबरदुखी. चार डॉक्टर, चार फायली. यातला मुख्य डॉक्टर कोण? (इचलकरंजी)

ताई, सध्या तरी कुणीच नाही. प्रत्येक जण आपापली फाईल बघतोय. चारही फायली एकत्र उघडणारा माणूस तुम्हाला हवा. तो तुमचा नेहमीचा फॅमिली डॉक्टर असू शकतो, किंवा फिजिशियन. ऑपरेशनआधी ‘फिटनेस’ला पाठवतात तेही आमच्याकडेच, कारण हृदय, किडनी, साखर हे सगळं एका टेबलावर मांडून बघणं हे फिजिशियनचं काम.

मला वारंवार दिसतं ते असं. कंबरेसाठी एकाने दिलेली वेदनाशामक गोळी आणि गुडघ्यासाठी दुसऱ्याने दिलेली, नावं वेगळी, आत औषध तेच. सोबत मधुमेह आणि बीपीची गोळी. किडनीवर ताण येतो आणि रक्ततपासणीत तो ताण दाखवणारं क्रिएटिनिन वाढलेलं दिसतं. कुणी मुद्दाम केलेलं नसतं, दोन चिठ्ठ्या कधी समोरासमोर आलेल्याच नसतात.

तेव्हा पुढच्या वेळी जाताना फायली राहू देत, पिशवीच न्या. घरात आहेत तेवढ्या सगळ्या गोळ्या, अर्ध्या वापरलेल्या पट्ट्या, मेडिकलमधून चिठ्ठीशिवाय आणलेल्या गोळ्या, कुणी सांगितलेला काढा, सगळं टेबलावर ओता. आणि मिस्टरांना सांगा, बाटलीतल्या पांढऱ्या गोळ्या लपवू नका. त्या प्रत्येक पिशवीत असतात.