प्रायमर ठीक दिसतो, मग दाबही ठीक आहे का?

प्रश्न : मोठ्या शिकारीसाठी मी .३३८-०६ इम्प्रूव्हड (मूळ काडतुसाच्या पुंगळीच्या, म्हणजे पितळी नळीच्या, भिंती सरळ करून आतली जागा वाढवलेली) रायफल बनवून घेतली आहे. पुंगळी मानेकडे निमुळती होते तो खांदा ४० अंशांचा, बॅरल २४ इंची. या वाइल्डकॅटचे (प्रमाणित नसलेल्या, हौशी मंडळींनी घडवलेल्या काडतुसाचे) छापील लोड, म्हणजे गोळी-पावडरची प्रमाणं, मला मिळाले नाहीत. मूळ .३३८-०६ साठी माझ्या काडतूस भरण्याच्या मॅन्युअलमध्ये २४ इंची बॅरलमधून २१० ग्रेन (ग्रेन हे वजनाचं माप) गोळीचा कमाल वेग सेकंदाला २७५० फूट दिला आहे. त्यातली गोळी शिशाच्या गाभ्याची आहे, माझी अख्ख्या तांब्याची, वजन तेवढंच. अर्धा-अर्धा ग्रेन पावडर वाढवत मी २९०० फुटांवर पोचलोय. प्रायमर (पुंगळीच्या तळातली, पावडर पेटवणारी टोपी) सपाट झालेला नाही, बोल्टही (काडतुसामागचा अडसर) सहज उघडतो. अजून अर्धा ग्रेन वाढवू का? झाडलेल्या तीन पुंगळ्या सोबत पाठवतो आहे.

उत्तर : नको. आणि या लोडची जी काडतुसं भरून ठेवली असतील तीही झाडू नका. पुलरने गोळ्या उपसा आणि पावडर काढून टाका.

कारण तुमच्याच आकड्यांत आहे. इम्प्रूव्हड चेंबरमुळे (चेंबर म्हणजे बॅरलमध्ये काडतूस बसतं ती पोकळी) पुंगळीत जागा वाढते, समजा ५ टक्के वाढली. दाब तोच ठेवला तर वेगातली वाढ जागेच्या वाढीच्या साधारण चौथ्या हिश्श्याएवढी मिळते. ५ टक्क्यांचा चौथा हिस्सा सव्वा टक्का, आणि २७५० वर सव्वा टक्का म्हणजे जेमतेम ३५ फूट. तुम्हाला मिळाले १५०. मग वरचे ११५ फूट आले कुठून? दाबातून. दुसरीकडून यायला वाटच नाही. एखादी बॅरल उपजतच थोडी वेगवान असते हे खरं, पण एवढी मोठी रक्कम तिच्या खात्यावर टाकता येत नाही.

.३३८-०६ सुद्धा बरीच वर्षं वाइल्डकॅटच होतं. काडतुसांची मापं आणि दाब ठरवणारी अमेरिकेतली संस्था 'सामी' हिने १९९८ मध्ये त्याला प्रमाणात घेतलं आणि कमाल दाब ६५,००० पीएसआय (दर चौरस इंचाला पौंड) ठरवला. तुमच्या पुंगळीचा खांदा बदलला, पण तळ तोच, पितळ तेच, बोल्टला जागी अडकवणारे दात, म्हणजे लगही तेच. म्हणून मर्यादाही तीच. वरच्या टोकाला पावडर १ टक्का वाढवली की वेग फार तर तेवढाच वाढतो, दाब मात्र दुप्पट टक्क्यांनी किंवा त्याहून जास्त चढतो. तिथे अर्धा ग्रेन ही लहान पायरी राहत नाही.

आता तुमच्या पुंगळ्या. तुम्ही म्हणता तसे प्रायमरच्या कडा खरोखर गोल आहेत. पण भिंग लावून तळ तिरका धरला तर शिक्क्यातल्या एका अक्षरावर चंद्रकोरीसारखा चकचकीत डाग दिसतो. तिन्हींवर आहे. बोल्टच्या तोंडावर इजेक्टरचं भोक असतं, दाबाने पितळ त्यात घुसलं आणि बोल्ट फिरताना तो उंचवटा घासला गेला. नंतर मी जुने प्रायमर काढून नवे बसवून पाहिले. एका पुंगळीत प्रायमर नुसत्या अंगठ्याने आत गेला. हँड प्रायमिंग टूलच्या दांडीवर जो ठाम विरोध जाणवायला हवा त्याचा मागमूस नव्हता. दुसरीत थोडासा विरोध, तिसरीत त्याहून थोडा जास्त. ही पितळं कितव्यांदा भरलेली आहेत ते तुम्ही लिहिलेलं नाही. पहिल्या-दुसऱ्या वेळीच प्रायमर पॉकेट (प्रायमर बसतो तो खळगा) इतकं सैल झालं असेल तर तळाचं पितळ ताणलं गेलं आहे, त्यात शंका ठेवू नका. या पुंगळ्या पक्कडीने चेपून भंगारात टाका, म्हणजे चुकूनही परत भरल्या जाणार नाहीत.

प्रायमर गप्प राहिला याचं नवल वाटून घेऊ नका. काही प्रायमरची टोपी मऊ असते, काहींची कडक. मऊ असली तर बेताच्या दाबालाही चपटी होते, कडक असली तर धोक्याच्या पार पुढे गेल्यावरही गोल राहते. ठळक खुणा बऱ्याचदा ७०,००० पीएसआयच्या आसपास किंवा त्याही पुढे उमटतात. म्हणजे खूण दिसेपर्यंत हद्द ओलांडून झालेली असते.

त्यात इम्प्रूव्हड चेंबरची आणखी एक गोम आहे. इम्प्रूव्हड काडतुसांसाठी ओळखले जाणारे अमेरिकन बंदूक-कारागीर पी. ओ. अॅकली यांनी .३०-३० इम्प्रूव्हडच्या लिव्हर-अॅक्शन रायफलवर केलेले प्रयोग प्रसिद्ध आहेत. सरळ भिंतीची पुंगळी चेंबरला घट्ट धरून बसते आणि बोल्टवर मागे येणारा रेटा कमी होतो, हे त्यातून दिसलं. बोल्ट सहज उघडतो म्हणून खूश होणाऱ्यांनी इथे थांबून विचार करावा. रेटा कमी झाला, दाब नाही. बॅरलच्या भिंतीला आणि पुंगळीच्या तळाला पूर्ण दाब सोसावाच लागतो. फक्त जड बोल्टसारखी तक्रार उशिरा कानावर येते. या जातीच्या काडतुसात मी खुणांपेक्षा क्रोनोग्राफवर (गोळीचा वेग मोजणाऱ्या यंत्रावर) जास्त भिस्त ठेवतो ती यामुळेच.

तांब्याच्या गोळीचं म्हणाल, तर वजन सारखं असलं तरी लोड सारखा नसतो. तांबं शिशापेक्षा हलकं, म्हणून तेवढ्याच वजनाची गोळी लांब होते. ती पुंगळीत खोल जाते, पावडरची जागा खाते, आणि रायफलिंगमध्ये शिरताना जास्त अडते. त्याच जातीच्या गोळीचा डेटा घ्या आणि गोळी लँड्सपासून (रायफलिंगच्या उंचवट्यांपासून) किती मागे ठेवायची ते तिच्या उत्पादकाचं ऐका.

नव्याने सुरुवात करण्याआधी एक तपासणी कराच. झाडलेल्या, साइझ न केलेल्या (डायमध्ये दाबून पुन्हा मापाला न आणलेल्या) पुंगळीच्या मानेत नवी गोळी बोटाने सोडा. ती सहज आत घसरायला हवी. अडली तर चेंबरच्या मानेत मोकळीक कमी आहे, गोळीला सुटायला जागा नाही, आणि मग साधा लोडही घातक ठरतो. .३०-०६ या काडतुसाची मान रुंदावून तुमची पुंगळी घडवली असेल तर पितळ पातळ होतं, त्यामुळे सहसा अडचण येत नाही. पण .३५ व्हेलन या मोठ्या तोंडाच्या काडतुसाची पुंगळी आवळून घेतली असेल तर मान जाड होते. तुम्ही कोणती घेतली?

सगळं ठीक निघालं तर मूळ .३३८-०६ च्या, तांब्याच्या गोळीसाठी छापलेल्या सुरुवातीच्या लोडपासून अर्धा-अर्धा ग्रेन चढा. प्रत्येक पायरीचा वेग वहीत लिहा. २७८० च्या आसपास वेग आला की थांबा, मॅन्युअलच्या पुढे पावडर घालायला जागा उरली असली तरी. त्याआधीच तळावर चमक दिसली, पॉकेट सैल झालं किंवा एखाद्या पायरीला वेगाने अचानक उडी मारली, तर तिथून दोन पायऱ्या खाली या. थंडीत बसवलेला लोड उन्हाळ्यातही एकदा क्रोनोग्राफवरून झाडून पाहा.

प्रश्न : फायर-फॉर्मिंगसाठी (मूळ पुंगळी नव्या चेंबरमध्ये झाडून तिला नवा आकार देण्यासाठी) हलका लोड जितका कमी तितका सुरक्षित ना?

उत्तर : नाही. मंद जळणारी पावडर मॅन्युअलच्या किमान आकड्याखाली नेली तर ती कधी कधी विचित्र पेटते आणि दाब अनपेक्षित उसळतो. किमान लोडच्या खाली जाऊ नका. पुंगळी घडवताना खरा मुद्दा हेडस्पेसचा, म्हणजे बोल्टच्या तोंडापासून चेंबरच्या खांद्यापर्यंतच्या अंतराचा आहे. अॅकली पद्धतीच्या चेंबरमध्ये गो-गेज (हे अंतर तपासायचं किमान माप) मूळ काडतुसाच्या गेजपेक्षा ०.००४ इंचाने आखूड असतो, म्हणून मूळ पुंगळीवर बोल्ट किंचित आवळत बंद होतो. हा आवळ जाणवला नाही तर झाडू नका. पुंगळी पुढे सरकते, तळापाशी ताणली जाते आणि पुढे कधीतरी तिथेच तुटते. आवळ नसेल तर मानेत खोटा खांदा (मान रुंदावून पुन्हा आवळल्यावर राहणारी, चेंबरला टेकणारी पायरी) करून घ्या आणि रायफल बनवणाऱ्याला चेंबर परत मोजायला सांगा.

प्रश्न : क्विकलोडसारख्या, दाब आणि वेगाचा अंदाज सांगणाऱ्या प्रोग्रॅमचा आकडा धरून थेट कमाल लोड भरला तर?

उत्तर : थेट कमाल लोड कशाच्याही भरवशावर भरू नये. प्रोग्रॅममध्ये वाइल्डकॅटची आधीच भरलेली जागा तुमच्या चेंबरची असेलच असं नाही. एकाच नावाच्या दोन वाइल्डकॅटचे रीमर (चेंबर कोरायची हत्यारं) वेगळे असू शकतात. तुमच्याच रायफलीतून झाडलेली, साइझ न केलेली पुंगळी जुन्या प्रायमरसकट कोरडी तोला, तोंडापर्यंत पाणी भरून पुन्हा तोला; दोन वजनांतला फरक म्हणजे आतली जागा, तीच प्रोग्रॅममध्ये भरा. पाण्याचा पृष्ठभाग सपाट हवा, फुगीर नको, आणि आत बुडबुडा अडकलेला नको. निदान पाच पुंगळ्यांची सरासरी घ्या. मग सुरुवातीच्या लोडचा मोजलेला वेग आणि प्रोग्रॅमचा वेग शेजारी ठेवा. तुमचा वेग जास्त निघाला तर दाबही प्रोग्रॅमच्या अंदाजापेक्षा जास्त आहे असं धरून चाला आणि हा फरक का पडला ते कळेपर्यंत पावडर वाढवू नका.