समुद्रकिनारी फ्लॅटची इमारत निसर्गात मिसळून जावी, तर रंग-आकार कसा ठेवावा?

मी आर्किटेक्ट आहे, पण रंगाचा विषय सगळ्यात शेवटी काढतो. आधी ठरवतो ते कुठे बांधायचं नाही.

पुळणीमागची वाळूची टेकाडं ही किनाऱ्याची कणगी. वादळात लाटा तिथली वाळू ओढून नेतात आणि समुद्र शांत झाला की त्यातली बरीचशी परत आणून टाकतात. समोरचं दृश्य मोकळं व्हावं म्हणून ती सपाट केली की मग संरक्षक भिंत बांधावी लागते. लाट त्या भिंतीवर आपटून पायथ्याची वाळू उकरते, आणि ज्या पुळणीसाठी लोकांनी फ्लॅट घेतले तीच अरुंद होत जाते. म्हणून इमारत टेकाडांच्या मागे, आणि पुळणीकडे जायला लाकडी खांबांवरची एकच पायवाट. नाहीतर वाळू धरून ठेवणाऱ्या वेली पायाखाली मरतात.

दुसरा विचार वाऱ्याचा. कॅलिफोर्नियातल्या सी रँच या समुद्रकाठच्या वसाहतीतली 1965 सालची दहा घरांची इमारत जरूर पाहा. तिथे लँडस्केप आर्किटेक्ट लॉरेन्स हॅल्प्रिन यांनी आधी वाऱ्याचा अभ्यास केला. वारा वरून निघून जावा म्हणून छपरं एकाच बाजूला उतरती, वळचण नाही, आणि रेडवुडच्या फळ्या न रंगवलेल्या, ऊनपावसानं करड्या झालेल्या. पण ते छप्पर जसंच्या तसं उचलू नका! तिथे थंड वारा चुकवायचा होता. उष्ण, दमट किनाऱ्यावर वारा घरात हवा असतो, आणि पाऊस जोराचा असेल तर वळचण लागतेच.

खाऱ्या हवेचं म्हणाल, तर सळईचा गंज लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा घेतो आणि काँक्रीट आतून फोडतो. सळईवरच्या कव्हरमध्ये, म्हणजे तिला झाकणाऱ्या काँक्रीटच्या जाडीत, आणि काँक्रीटच्या घट्टपणात कंजुषी नको. रेलिंगला स्टेनलेस स्टील वापरणार असाल तर 316 दर्जाचं घ्या, 304 वर लवकर डाग पडतात.

कासवं अंडी घालतात अशा किनाऱ्यावर समुद्राकडचे दिवे कमी, बुटके, झाकलेले आणि पिवळसर-नारिंगी हवेत. पिल्लं उजेडाकडे चालतात. त्यांना तो समुद्राच्या बाजूला दिसायला हवा, तुमच्या गॅलरीत नव्हे.

आता रंग. साइटवरची मूठभर कोरडी वाळू आणा, तिच्या जवळच्या तीन छटा भिंतीवर मारा आणि भर दुपारी पुळणीवरून पाहा. सगळ्यात कमी डोळ्यात भरेल ती घ्या.