हब मोटर जळाली म्हणायच्या आधी चाक उलटं फिरवून बघा

प्रश्न : सर, माझी इलेक्ट्रिक सायकल हाय, मागच्या चाकात हब मोटर, ३६ व्होल्ट २५० वॅट. रोज बावड्यातनं शाहूपुरीला कामाला जातोय. मागच्या आठवड्यात मागचं चाक खोलून पंक्चर काढलं, दुसऱ्या दिवशी पावसात भिजली आणि तवापासनं सिग्नलला थांबलं की गाडी उचलतच नाही, नुसती थरथरत्या आणि गुरगुरत्या, पायडल मारून जरा वेग दिला की मग कशीबशी ओढत्या. दुकानात दाखवली तर मोटर जळालीय, नवीनच घाला म्हणाले. खरंच जळली असंल काय?
– एक वाचक, कसबा बावडा, कोल्हापूर

उत्तर : दादा, नवीन मोटरचे पैसे आत्ताच काढू नका. तुम्ही लिहिलंय त्यावरनं मला मोटरच्या कॉइलपेक्षा वायरीचाच संशय जास्त येतोय. थांबल्यावर उचलत नाही पण वेग आल्यावर ओढते, हे बहुतेक वेळा हॉल सेन्सरचं दुखणं असतं. मोटरच्या आत तीन छोटे हॉल सेन्सर असतात, मॅग्नेट कुठं आलाय ते कंट्रोलरला, म्हणजे मोटरला करंट वाटणाऱ्या डब्याला, सांगायचं काम त्यांचं, त्यातला एक जरी गप्प झाला तरी उठताना कुठल्या कॉइलला करंट द्यायचा ते कंट्रोलरला नीट कळत नाही, मग नुसती थरथर. कॉइलला करंट नेणाऱ्या तीन जाड फेज वायरींपैकी एक तुटली तरी साधारण असंच होतं, म्हणून दोन्ही तपासायचं.

पंक्चरचं लिहिलंत ते फार बरं केलंत. मोटरची केबल अ‍ॅक्सलच्या पोकळीतनं बाहेर येते, चाक परत बसवताना नट आवळला आणि अ‍ॅक्सल जरा जरी फिरला, नाहीतर केबल वॉशरखाली दबली, की आतली वायर कापते. माझ्या सायकलला हेच झालेलं, रंकाळ्यावर भर पावसात बंद पडली, घरी आणून बघितलं तर अ‍ॅक्सलच्या तोंडाशी केबलचं काळं आवरण नखाएवढं सोललेलं आणि आतल्या बारीक निळ्या वायरीचं तांबं हिरवं पडलेलं, बोटानं ओढली तर हातातच आली. मोटरला काही झालं नव्हतं ओ, एक वायर फक्त. म्हणून पहिल्यांदा टॉर्च घेऊन ती जागा बघा, मग मोटरचा कनेक्टर काढून पाणी पुसा, पिना वाकल्यात का बघा, पूर्ण वाळू द्या आणि बाणाला बाण जुळवून शेवटपर्यंत दाबून बसवा, निम्म्या गाड्या इथंच चालू होतात असा माझा अनुभव आहे.

नाही झाली तर हाताची परीक्षा. बॅटरी काढा, मोटर कंट्रोलरपासनं सोडवा, चाक अधांतरी करून उलटं फिरवा. उलटंच, कारण गिअरवाल्या हब मोटरमध्ये सुलट फिरवलं की आतला फ्रीव्हील सुटतो आणि मोटर फिरतच नाही. आता पिवळी, हिरवी, निळी या तीन जाड वायरींपैकी दोन-दोन एकमेकींना टेकवून फिरवा, प्रत्येक जोडीला चाक गचके देत जड व्हायला पाहिजे आणि तिन्ही वेळा सारखंच जड. एखादी जोडी हलकीच राहिली तर फेज वायर तुटलीय. काहीच न टेकवता चाक तसंच गचके देत जड फिरतंय तर आत शॉर्ट आहे, मग दुकानदाराचं म्हणणं खरं असू शकतं, करपल्यासारखा वास येतोय का तेही बघा. मल्टिमीटरनं कॉइलचा ओहम मोजत बसू नका, एका ओहमपेक्षाही कमी असतो, साध्या मीटरला फरक कळत नाही.

मल्टिमीटर लागतो तो हॉलसाठी. सगळं जोडून गाडी चालू करा, कनेक्टरच्या मागनं पिन घालून बारीक लाल आणि काळ्या वायरीत डीसी व्होल्ट बघा, ५ च्या आसपास पाहिजेत. ते आले की मीटरची काळी टोच काळ्यावरच ठेवून बारीक पिवळ्या, हिरव्या, निळ्यावर आळीपाळीनं लाल टोच लावा आणि चाक अगदी हळू उलटं फिरवा, आकडा शून्य-पाच, शून्य-पाच असा उड्या मारायला पाहिजे. जी वायर एकाच आकड्यावर अडकून बसली तिथंच दुखणं, सेन्सर गेलाय नाहीतर वायर तुटलीय. लाल-काळ्यातच ५ नाहीत तर मोटरचा प्लग काढून परत मोजा. आले, तर शॉर्ट मोटरच्या बाजूला. तरीही नाही आले, तर थ्रॉटलचा (हँडलवरच्या अ‍ॅक्सिलरेटरचा) प्लग काढून मोजा, कारण बऱ्याच गाड्यांत त्याला तिथलेच ५ व्होल्ट जातात, आणि तरीही नाही तर मग कंट्रोलर.

सेन्सर निघाला तर घाबरू नका, ती अगदी स्वस्त वस्तू आहे, आपल्या उद्यमनगरात सोल्डरिंगचा चांगला हात असलेला माणूस सहज मिळेल, फक्त बदलायचे तर तिन्ही एकदमच बदलून घ्या, मोटर परत परत उघडायला नको. मॅग्नेट जोरात ओढतात, कव्हर काढताना बोटं सांभाळा म्हणावं.

आणि चाक बसवताना केबलचं तोंड खालच्या बाजूला ठेवा, केबल एकदा खाली वळवून मग वर न्या, म्हणजे पाणी त्या वळणावरनं ठिबकून जाईल, अ‍ॅक्सलमध्ये शिरणार नाही. वॉशिंग सेंटरवर तिथं प्रेशरचं पाणी मारू देऊ नका. मीटरचे आकडे काय आले ते मात्र नक्की लिहून पाठवा, मी वाट बघतो.