ग्रीन ऑफिसचं काम गळ्यात पडलंय? आधी बिलं काढ

अरे, गोव्यात वेर्ण्याच्या इंडस्ट्रियल इस्टेटीत नवीन लागलास आणि 'ग्रीन'चं, म्हणजे वीज-पाणी वाचवायचं नि कचरा सांभाळायचं, खातं तुझ्याच गळ्यात मारलं ना, तर पोस्टर छापायला धावू नकोस. आधी १२ महिन्यांची विजेची बिलं आणि पाण्याच्या टँकरच्या पावत्या काढून बस.

आमच्याकडे एसी १८ वर आणि अकाउंट्सच्या बाई भर मे महिन्यात शाल पांघरून, खरंच सांगतो! बीईई, म्हणजे वीज बचतीचं काम बघणारी सरकारी संस्था, तिच्या हिशोबाने एक डिग्री वाढवली की साधारण ६ टक्के वीज वाचते, आम्ही २४ वर आणला, चार दिवस कुरकुर झाली, मग शाल पण गेली.

कचऱ्यात मात्र मी सपशेल आपटलो. ओला-सुका दोन डबे ठेवले, फोटो काढले, साहेब खूश, आणि संध्याकाळी सफाईवाली मावशी दोन्ही एकाच पिशवीत ओतायची, कारण तिला कोणी विचारलंच नव्हतं. तिला मीटिंगला बसवलं तेव्हा कुठे गाडी रुळावर आली. माणसं सामील नसतील तर सगळा दिखावा रे.

मॅनेजमेंट आकडे मागणारच. शेअर बाजारावर लक्ष ठेवणाऱ्या सेबीने २०२२-२३ पासून टॉपच्या १००० लिस्टेड कंपन्यांना बीआरएसआर, म्हणजे पर्यावरण आणि सामाजिक जबाबदारीचा रिपोर्ट, सक्तीचा केलाय, त्यामुळे मोठे कस्टमर आपल्यासारख्या सप्लायरलाही विचारू लागलेत, म्हणजे हे ऑर्डरशी जोडलेलं आहे.

आणि जुलैचं बिल मे महिन्याशी लावून शाबासकी घेऊ नकोस हां, पावसात एसी तसाही कमी चालतो. मागच्या जुलैशी लाव, आणि जेवढं प्रॉडक्शन झालं त्यामागे विजेचे किती युनिट गेले ते काढ.